हट-१०२: विषाणूने बाधित ल्युकेमिया पेशी स्वतःसाठी नेमकं काय बनवत होत्या?

हट-१०२ ही टी-पेशींची (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची) एक सेल लाइन आहे, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गझदार आणि मिन्ना यांच्या गटाने ती तयार केली. मूळ पेशी त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाचं निदान झालेल्या एका रुग्णाच्या होत्या. त्याच पेशींमध्ये पोएझ, रुसेटी आणि गॅलो यांना माणसात सापडलेला पहिला रिट्रोव्हायरस (आपल्या आरएनएची डीएनए प्रत पेशीत घुसवणारा विषाणू) दिसला आणि डिसेंबर १९८० मध्ये त्यांनी तो जाहीर केला. त्याचं नाव एचटीएलव्ही, म्हणजे आजचा एचटीएलव्ही-१. विषाणूची कथा पुष्कळांनी सांगितली आहे, त्यामुळे ती इथे फार लांबवत नाही. हे प्रकरण आहे त्या पेशी ज्या द्रवात वाढत होत्या त्या द्रवाचं. या पेशी स्वतःच्या वाढीचा घटक स्वतःच बनवतात का, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांत तीनदा बदललं. माझ्या मते त्याचं मुख्य कारण पेशींपेक्षा मोजमापाच्या पद्धतीत होतं.

प्रश्न उभा कसा राहिला

निरोगी टी-पेशी प्रयोगशाळेत नुसत्या ठेवल्या की काही दिवसांत मरून जातात. १९७६ मध्ये मॉर्गन, रुसेटी आणि गॅलो यांनी दाखवलं की पीएचए या वनस्पतिजन्य प्रथिनाने चेतवलेल्या लिम्फोसाइट्सचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, वापरलेला मीडियम (वाढीचा द्रव) घातला तर माणसाच्या टी-पेशी आठवड्यामागून आठवडे वाढवता येतात. खरं तर त्यांना वेगळ्याच रक्तपेशी वाढवायच्या होत्या. टी-पेशी वाढत राहिल्या हे अनपेक्षित होतं. मीडियममधल्या त्या अज्ञात द्रव्याला टी-सेल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात टीसीजीएफ, म्हणू लागले. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन इथल्या कार्यशाळेनंतर त्याला इंटरल्युकिन-२, म्हणजे आयएल-२, हे नाव मिळालं.

या घटकाशिवाय एचटीएलव्ही सापडलाच नसता. ल्युकेमियाच्या टी-पेशी इतका काळ वाढवता आल्या म्हणून तर त्यांच्यातला विषाणू दिसला. पण त्याच पेशींबाबत एक गोष्ट खटकत होती. निरोगी टी-पेशींना टीसीजीएफ सतत घालावा लागतो. रुग्णांच्या काही पेशी मात्र काही काळाने बाहेरचा घटक बंद केला तरी वाढतच राहायच्या. हट-१०२ त्यातलीच.

अशा निरीक्षणाला चपखल बसणारी एक कल्पना तेव्हा नुकतीच मांडली गेली होती. १९८० मध्ये स्पोर्न आणि टोडारो यांनी ऑटोक्राइन स्रावाचा सिद्धांत मांडला: कर्करोगाची पेशी आपल्याच वाढीचा घटक बाहेर सोडते, तो आपल्याच पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर (घटक धरणाऱ्या प्रथिनावर) बसवून घेते आणि शरीराच्या लगामातून सुटते. टी-पेशींच्या ल्युकेमियाला हे अगदी लागू पडण्यासारखं होतं. निरोगी टी-पेशीसुद्धा संसर्गाच्या वेळी थोडा वेळ हेच करते. फरक एवढाच की ती काही दिवसांनी थांबते.

१९८१ मध्ये गूटेनबर्ग, रुसेटी, गॅलो आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाच्या आणि ल्युकेमियाच्या सेल लाइन टीसीजीएफ बनवतात आणि त्याला प्रतिसादही देतात, हा त्याचा निष्कर्ष शीर्षकातच होता. विषाणू सापडला, पेशी ग्रोथ फॅक्टर बनवतात असं दिसलं, ऑटोक्राइनचा सिद्धांत तयार होता. म्हणजे विषाणू टीसीजीएफचं जनुक चालू करतो, ही पुढची पायरी जवळजवळ आपोआप मांडली गेली.

जपानकडून येणारी माहितीही त्याच दिशेने होती. क्योटोचे ताकात्सुकी आणि सहकारी यांनी १९७७ मध्ये प्रौढ टी-पेशी ल्युकेमियाचे, म्हणजे एटीएलचे, १६ रुग्ण वर्णिले. त्यातले बहुतेक जन्माने क्यूशू बेटाचे. १९८१ मध्ये हिनुमा यांच्या गटाने त्या रुग्णांच्या रक्तात एका विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. तो विषाणू आणि गॅलो यांचा विषाणू एकच, हे लवकरच स्पष्ट झालं. मियोशी यांनी तर एका स्त्री-रुग्णाच्या ल्युकेमिया पेशी मुलग्याच्या नाळेतल्या रक्तपेशींसोबत वाढवल्या आणि त्यातून एमटी-२ ही सेल लाइन मिळवली. तिची गुणसूत्रं पुरुषाची निघाली. म्हणजे विषाणूने बाळाच्या निरोगी पेशींनाच न थांबता वाढायला लावलं होतं. वाढीची किल्ली विषाणूकडे आहे, याहून थेट पुरावा कोणता हवा होता?

मोजत होते ते कसं

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ या मोजमापातच झाला.

१९८१ मध्ये आयएल-२ चं जनुक हाती नव्हतं. घटक मोजायचा म्हणजे जैविक चाचणी करायची. तिचं रोजचं साधन होतं सीटीएलएल-२, उंदराच्या टी-पेशींची एक सेल लाइन. ती आयएल-२ वर इतकी अवलंबून असते की तो काढून घेतला की एका दिवसात पेशी मरायला लागतात. चाचणीच्या दिवशी या पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, नव्या मीडियमने दोन-तीनदा धुऊन जुन्या आयएल-२ चा अंश काढायचा. मग ९६ खड्ड्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये प्रत्येक खड्ड्यात काही हजार पेशी टाकायच्या. पहिल्या खड्ड्यात तपासायच्या मीडियमची ठरलेली मात्रा, दुसऱ्यात त्याच्या निम्मी, तिसऱ्यात त्याच्याही निम्मी, अशी उतरंड लावायची. ३७ अंशांवर साधारण एक दिवस. शेवटच्या काही तासांत ट्रिशियम लावलेलं थायमिडिन घालायचं. विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी नवा डीएनए बनवताना ते उचलते. मग पेशी फोडून काचतंतूच्या गाळणीवर ओढायच्या, गाळणी सुकवायची आणि सिंटिलेशन काउंटरमध्ये मिनिटाला किती ठोके पडतात ते वाचायचं. ठोके जास्त म्हणजे घटक जास्त.

चाचणी सुरेख आहे. संवेदनशील आहे, स्वस्त आहे, आणि आजही ती वापरतात. पण ती एकच गोष्ट सांगते: या द्रवात असं काहीतरी आहे की ज्यावर सीटीएलएल-२ जगते आणि दुभंगते. ते काहीतरी म्हणजे आयएल-२ च, हे चाचणी सांगत नाही, वाचणारा धरून चालतो. उंदराचं आयएल-४ हे दुसरं प्रथिन घातलं तरी ती वाढते. आणखी एका रेणूवर ती उत्तम वाढते, पण तो रेणू तेव्हा कोणाला माहीतच नव्हता. माहीत नसलेल्या रेणूसाठी कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) ठेवणार कसा? म्हणून १९८१ च्या लेखकांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यांनी जे नाव दिलं ते कार्याचं नाव होतं, आणि कार्य खरोखरच द्रवात होतं.

पहिला उलटा निकाल

१९८३ मध्ये तानिगुची यांच्या गटाने जुर्काट या टी-पेशींच्या सेल लाइनमधून आयएल-२ च्या जनुकाची प्रत (क्लोन) मिळवली आणि चित्र पालटलं. आता द्रवाकडे न बघता थेट पेशीत जनुकाचा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून निघणारी प्रत) आहे का ते विचारता येत होतं. आर्या, वाँग-स्टाल आणि गॅलो यांनी ते विचारलं. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये उत्तर आलं: एचटीएलव्हीने बाधित पेशींत टीसीजीएफ जनुक व्यक्त होत नाही, म्हणजे चालू नसतं. ऑटोक्राइनची कल्पना गॅलो यांच्या ज्या प्रयोगशाळेत वाढली तिथूनच हा निकाल आला, ही गोष्ट मला या प्रकरणातली सर्वांत उमदी वाटते. आपल्याच गृहीतकाच्या विरुद्धचा निकाल शीर्षकात लिहिणं दिसतं तितकं सोपं नसतं.

पण मग पेशी वाढत होत्या कशावर?

काही जणांनी रिसेप्टरकडे मोर्चा वळवला आणि ते योग्यच होतं. उचियामा, ब्रोडर आणि वाल्डमन यांनी १९८१ मध्येच अँटी-टॅक नावाची मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केली होती. ती आयएल-२ रिसेप्टरच्या एका साखळीला, अल्फाला, चिकटते हे पुढच्या वर्षी कळलं. निरोगी विश्रांत टी-पेशीवर ही साखळी जवळजवळ नसते. एटीएलच्या पेशींवर ती कायम आणि भरपूर असते. या रिसेप्टर-वाढीमागे विषाणूचं टॅक्स हे प्रथिन आहे, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसलं. टॅक्स पेशीतल्या एनएफ-कप्पा-बी या यंत्रणेला जागं करतं आणि ती यंत्रणा आयएल-२ रिसेप्टरचं जनुक चालू करते. टॅक्ससोबत पेशीला आणखी एक चेतना मिळाली तर आयएल-२ चं जनुकही काहीसं चालू होतं. नुसतं टॅक्स त्याला पुरत नाही.

म्हणजे १९८० च्या दशकाच्या शेवटी पाठ्यपुस्तकातलं चित्र असं झालं: संसर्गाच्या सुरुवातीला पेशी काही काळ आयएल-२ चा आधार घेते, पुढे बदल साचत जातात आणि ती त्याशिवाय जगायला शिकते. १९९५ मध्ये या चित्राला एक भक्कम दुवा मिळाला. एचटीएलव्ही-१ ने रूपांतरित पेशींमध्ये जॅक-स्टॅट ही संदेशयंत्रणा, जी एरवी आयएल-२ रिसेप्टरवर बसल्यावरच सुरू होते, ती आपोआप चालू असलेली मिगोन आणि सहकाऱ्यांना आढळली. घंटी कोणी वाजवत नव्हतं, तरी आतला दिवा लागलेला होता.

त्याच बाटलीत दुसरं काही

दरम्यान १९९४ मध्ये वाल्डमन यांच्या गटातल्या बर्टन, बॅमफर्ड आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हट-१०२ चा वापरलेला मीडियम हाती घेतला. तो सायटोकाइनवर, म्हणजे पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असलेल्या किट-२२५ या मानवी टी-पेशींना वाढवत होता. त्यात आयएल-२ नव्हता. माहीत असलेल्या इतर सायटोकाइन्सशीही तो घटक जुळत नव्हता. पण आयएल-२ रिसेप्टरच्या बीटा साखळीला अडवणारी प्रतिपिंड घातली की वाढ थांबायची. म्हणजे द्रवात आयएल-२ नसलेलं पण आयएल-२ च्याच दारातून आत जाणारं काहीतरी होतं. त्यांनी त्याला तात्पुरतं नाव दिलं आयएल-टी. त्याच वर्षी इम्युनेक्स कंपनीच्या ग्रॅबस्टाइन आणि सहकाऱ्यांनी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमधून एक नवा सायटोकाइन वेगळा केला, आयएल-१५. दोन्ही एकच निघाले.

आता जुन्या चाचणीकडे बघा. आयएल-१५ हा आयएल-२ रिसेप्टरच्या बीटा आणि गॅमा या दोन साखळ्या वापरतो. फक्त त्याची अल्फा साखळी वेगळी. सीटीएलएल-२ पेशी आयएल-१५ वर झकास वाढतात. त्यामुळे माझं अनुमान असं की १९८१ मध्ये हट-१०२ च्या द्रवात जे टीसीजीएफ म्हणून मोजलं गेलं, त्यातला निदान काही वाटा आयएल-१५ चा असावा. त्या निबंधातल्या इतर सेल लाइन्सबद्दल हे म्हणता येणार नाही. पण हट-१०२ पुरता, १९८१ चा ‘हो’ आणि १९८४ चा ‘नाही’ यांच्यात विरोध उरत नाही. द्रवात ग्रोथ फॅक्टर होता, आयएल-२ चं जनुक बंद होतं, आणि दोन्ही शोधनिबंध खरं सांगत होते.

सर्वांत सुरस भाग १९९६ चा आहे. पेशींमध्ये आयएल-१५ चा संदेशवाहक आरएनए पुष्कळ ठिकाणी असतो, पण प्रथिन मात्र फार थोडं बनतं. कारण संदेशाच्या पुढच्या टोकाला, खऱ्या प्रारंभखुणेच्या आधी, एयूजी या तीन अक्षरांच्या दहा खुणा आहेत. प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, रायबोसोम, टोकापासून सरकत येतो आणि आधीच्या कुठल्यातरी खुणेवर प्रथिन बनवायला सुरुवात करतो. आडगावच्या थांब्यांवरच प्रवासी उतरून जावेत आणि एसटी मुक्कामी रिकामी पोचावी, तसं होतं. हट-१०२ मध्ये बॅमफर्ड आणि सहकाऱ्यांना आयएल-१५ चा जो प्रमुख संदेश सापडला त्याचं टोकच वेगळं होतं. तिथे एचटीएलव्ही-१ च्या एलटीआरमधला (विषाणूच्या जनुकसाखळीच्या टोकांवरच्या पुनरावृत्त भागातला) आर नावाचा ११८ न्यूक्लिओटाइडचा तुकडा जोडलेला होता. त्या जोडणीत आयएल-१५ च्या पुढच्या भागातली दोनशेहून अधिक अक्षरं गळली होती आणि दहापैकी आठ अडथळे त्यांच्याबरोबर गेले होते. संदेश जास्त बनत होता आणि त्यातून प्रथिनही जास्त मिळत होतं. विषाणूचा तुकडा पेशीच्या जनुकाला असा चिकटलेला, आणि त्याने कुलूप न तोडता अडसर काढून टाकलेला!

हे वाचून एक सावध प्रश्न विचारायला हवा: ही फक्त हट-१०२ ची खासियत तर नाही? असा जोडसंदेश प्रत्येक रुग्णात असेल असं मानायला काहीच आधार नाही. सेल लाइन वर्षानुवर्षं प्लास्टिकमध्ये वाढते आणि जी पेशी जास्त वेगाने वाढते ती उरते. त्यामुळे अशा दुर्मीळ घटना तिथे ठळक होतात. पण विषाणूचं टॅक्स प्रथिन आयएल-१५ च्या जनुकाला एनएफ-कप्पा-बी मार्गे चालना देतं, हे अझिमी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. त्यामुळे जोडसंदेश अपवाद असला, तरी विषाणू आणि आयएल-१५ यांचं नातं अपवाद नाही.

रुग्णांच्या पेशी काय म्हणतात

बाटलीतल्या पेशी सोडून रुग्णाच्या रक्ताकडे आलं की उत्तर आजाराप्रमाणे बदलतं. एचटीएलव्ही-१ मुळे होणारा दुसरा गंभीर आजार म्हणजे एचएएम, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा दाह. त्यात पाय हळूहळू जड आणि ताठ होत जातात. या रुग्णांच्या लिम्फोसाइट्स काहीही न घालता प्रयोगशाळेत वाढतात, आणि टेंडलर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्यांच्यात आयएल-२ आणि त्याचा रिसेप्टर दोन्ही व्यक्त होताना दाखवले. ल्युकेमियात चुकलेली १९८१ ची कल्पना याच विषाणूच्या दुसऱ्या आजारात बरोबर निघाली, हा योगायोग मला फार आवडतो.

एटीएलमध्येही सगळं एकसारखं नाही. डॉक्टर या आजाराचे चार प्रकार करतात: धुमसणारा, दीर्घकालीन, लिम्फोमाचा आणि तीव्र. २०१० मध्ये वाल्डमन यांच्याच गटाने या रुग्णांच्या पेशी सहा दिवस नुसत्या ठेवून पाहिल्या. धुमसणाऱ्या आणि दीर्घकालीन प्रकारातल्या काही रुग्णांच्या पेशी आपोआप वाढल्या. तीव्र प्रकारातल्या तशा वाढल्या नाहीत. ज्या वाढल्या त्यांची वाढ सायटोकाइनचा मार्ग अडवला की कमी झाली, आणि मोनोसाइट्सची (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) साथ असली तर ती जोमाने होत होती. आयएल-१५ हा मोनोसाइटने आपल्या पृष्ठभागावर धरून शेजारच्या टी-पेशीला देण्याजोगा घटक आहे, हे लक्षात घेतलं की इथे शेजाऱ्यांचं महत्त्व का असावं ते कळतं. एकट्या बाटलीतल्या सेल लाइनमध्ये हे शेजारी नसतातच.

तीव्र प्रकारात पेशी ग्रोथ फॅक्टरच्या पलीकडे गेलेल्या असतात. बऱ्याच एटीएल रुग्णांच्या पेशींत टॅक्सही उरत नाही, कारण त्याच्यामुळे रोगप्रतिकार यंत्रणेला पेशी ओळखू येते. उरतं ते विषाणूच्या विरुद्ध बाजूच्या साखळीवरून बनणारं एचबीझेड हे प्रथिन, जे २००२ मध्ये सापडलं. ही वर्षांनुवर्षांची वाटचाल असते. संसर्ग बहुधा आईच्या दुधातून बाळपणी होतो, ल्युकेमिया अनेक दशकांनी, आणि बाधितांपैकी शेकड्यात तीन ते पाच जणांनाच.

उपचारांवर या उत्तराचा थेट परिणाम दिसला. अँटी-टॅक प्रतिपिंड रुग्णांना देण्यामागचा विचार सरळ होता: पेशी आयएल-२ वर जगत असेल तर तिचं दार बंद करा. वाल्डमन यांनी १९९३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार १९ पैकी ७ रुग्णांचा आजार मागे हटला, त्यातले दोन पूर्णपणे. बाकीच्यांत फरक पडला नाही, आणि वर सांगितलेलं सगळं वाचल्यावर त्यात नवल वाटत नाही. म्हणून पुढे त्याच प्रतिपिंडेला इट्रियम-९० हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलं गेलं. आता दार बंद करायचं नव्हतं, दारावरच्या खुणेचा उपयोग करून पेशी मारायची होती. पेशी त्या दारातून काही घेते की नाही याला महत्त्व उरलं नाही. १६ पैकी ९ रुग्णांनी प्रतिसाद दिला. मूळ प्रतिपिंडेचं मानवीकरण केलेलं रूप, डॅक्लिझुमॅब, १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं ते मात्र मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचा नकार टाळण्यासाठी. तिथल्या टी-पेशी निरोगी असतात आणि खरोखरच आयएल-२ वर अवलंबून असतात.